गार डोक्याची माणसं

३ ऑक्टोबर, मंगळवार

नोकरी लागली! ही वहीसुद्धा आजच मिळाली, वहिनीने दिली. म्हणाली, भाऊजी, मनात येईल ते लोकांच्या तोंडावर फेकण्यापेक्षा यात फेका, कागद उलट बोलत नाही. दादा शेजारून म्हणाला की मला तर कागदाचीच काळजी वाटतेय. फार विनोदी आहे आमचा दादा.

तर नोकरी. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या चार उंच इमारती, चारही कचेऱ्यांनी भरलेल्या. त्यांच्याखाली तळघर, तळघरात एक खोली, खोलीत मी. लिफ्टमध्ये लाल बटण असतं ना, अडकलं की दाबायचं? ते दाबलं की फोन आमच्याकडे वाजतो आणि भिंतीवरच्या फळीवर त्या लिफ्टचा दिवा लागतो. मेकॅनिक पोहोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायचं, त्याला एकटं वाटू द्यायचं नाही, एवढंच काम. आजवर फुकट बोलत आलो, आता बोलण्याचा पगार मिळणार.

खोली झकास आहे. गार, पांढऱ्या उजेडाची, तीन टेबलं, तीन फोन, खिडकी नाही. मुख्य आहेत त्यांना सगळे ताई म्हणतात. केस घट्ट बांधलेले, आवाज इस्त्री केल्यासारखा, एक सुरकुती नाही. दुसऱ्या टेबलावर मामा. मामा दिवसभर विनोद सांगतात पण स्वतः हसत नाहीत. कसलेला गडी दिसतो. आणि मेकॅनिक. त्याच्या हातात कायम पाना, कपाळावर कायम घाम. वर निघताना दर वेळी छातीवर हात ठेवून 'धडधडतंय रे बाबा' म्हणतो, म्हणून त्याचं नावच धडधड्या. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला आणि हा भित्रा! पहिल्याच दिवशी त्याची यथेच्छ टिंगल करून घेतली.

आता खरं कारण लिहितो, इथे कोण वाचतंय. तिसऱ्या इमारतीत ती नोकरी करते. ती पास होऊन बाहेर पडली आणि मी मागे राहिलो. लोक म्हणतात मी कॉलेज सोडलं. अरे, ती नसलेलं कॉलेज म्हणजे नुसत्या भिंती. भिंती काय सोडायच्या? आज जिन्यापाशी भेटली. हसली. पण अट घातलीच. ही नोकरी टिकव, कुणाशी भांडू नकोस, मग मी घरी तुझा विषय काढते. तुझा राग नाकावर असतो, असा माणूस बाबांपुढे कसा उभा करू, असं म्हणाली.

कबूल. तिच्यासाठी नाक कापून ठेवीन.

५ ऑक्टोबर, गुरुवार

या कामात गंमत आहे. आज पहिल्या इमारतीतली मोठी लिफ्ट अडकली, आत चौघं. लिफ्ट एक, अंधार एक, पण माणसं चार तऱ्हेची. एक साहेब दारावर लाथा घालत होते आणि मला नोकरीवरून काढायच्या धमक्या देत होते. एक बाई खुदुखुदु हसत सुटली, थांबेचना. एकजण सगळ्यांना खाली बसवून गोष्टी सांगू लागला. आणि चौथा नुसता श्वास घेत होता, मोठ्याने.

मी लाथावाल्याशी जुंपायच्या बेतात होतो, तर ताईंनी फोन हातातून काढून घेतला. एकच प्रश्न विचारला, आज सकाळी घरी काय झालं? साहेब हळूहळू सांगायला लागले. मुलगा घर सोडून गेला होता, दोन दिवस पत्ता नव्हता. सांगता सांगता लाथा थांबल्या.

नंतर ताईंनी समजावलं की लिफ्ट सगळ्यांची सारखीच अडकते. माणूस मुळात कसा घडलाय आणि आज घरून काय घेऊन निघालाय, यावर पुढचं ठरतं. ज्याला सगळं आपल्या मुठीत लागतं तो लाथा घालतो. ज्याच्या घरी आधीच आग लागलीय त्याला इथल्या ठिणगीनेही चटका बसतो. मी विचारलं की मी अडकलो तर काय करीन? ताई म्हणाल्या, तू दार तोडशील, आणि दार तुटलं की खाली पडशील.

मामा म्हणाले, पडताना फोन करू नकोस, लाइन मोकळी ठेव. कुणीच हसलं नाही. मी एकटाच हसलो.

९ ऑक्टोबर, सोमवार

घात झाला. एक उपटसुंभ अडकला होता. मी विचारलं, आज सकाळी घरी काय झालं, तर म्हणाला, तुझ्या बापाने विचारलं होतं का कधी? तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोललो. शेवटी 'मर तिथेच' म्हणालो आणि फोन आपटला.

तो बाहेर आल्यावर तक्रार करणार हे नक्की होतं. नोकरी गेली की ती गेली, सरळ हिशोब. ताई रागावल्या नाहीत. उठल्या, मला बाहेर घेऊन गेल्या. कॉरिडॉरच्या टोकाला एक जुनी सामानाची लिफ्ट आहे, बंद पडलेली, तळघरातच उभी. आमच्या फळीवर तिचा दिवासुद्धा नाही. ताईंनी किल्लीने दार उघडलं आणि सांगितलं, आत बस, लाल बटण दाब आणि डोक्यात असेल ते सगळं बोलून टाक. आम्ही सगळे हेच करतो. दार आतून उघडत नाही, झालं की हाक मार, मी बाहेर आहे.

वेडगळपणा वाटला. पण बसलो. दार लागलं. बटण दाबल्यावर थोडी खरखर झाली आणि कुणीतरी विचारलं की आज सकाळी घरी काय झालं. बाईचा आवाज नव्हता, बाप्याचाही नव्हता. तोंडावर उशी ठेवून बोलल्यासारखा. कंपनीने ठेवलेला कोणी मानसोपचारवाला असणार. मी सुरू झालो. दादाचे टोमणे, तो उपटसुंभ, कॉलेजातला तो मास्तर, तिची अट, सगळं ओकलो. पलीकडचा नुसता 'हं' म्हणत होता. असं ऐकणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही.

बाहेर आलो तेव्हा पिसासारखा हलका. त्या उपटसुंभाला स्वतः फोन करून माफी मागितली. तोच ओशाळला!

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज जातो. ताईंना आता सांगावं लागत नाही, किल्लीही माझ्याच खिशात असते. आत जाताना ती मामांकडे देतो, झालं की दार तेच उघडतात. घरी दादाने आज मुद्दाम डिवचलं की काय साहेब, आज कुणाची कॉलर धरली? मी म्हणालो, कुणाचीच नाही, डाळ वाढ. वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला.

ती तर बघतच राहिली. रस्त्यात एकाने तिला धक्का दिला, एरवी मी त्याचे दात मोजले असते. मी नुसता बाजूला सरकलो. ती खूश. येत्या रविवारी घरी बोलते म्हणाली.

ताईंना आज दुपारी फोन आला. मुलाचा अपघात, पाय मोडला. ताई 'बरं' म्हणाल्या, चहा संपवला आणि पुढचा फोन घेतला. काय बाई आहे! असं होता आलं पाहिजे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

घरी बोलली. तिचे बाबा भेटायला तयार आहेत. जिन्यावरून धावत खाली आली हे सांगायला, दम लागला होता, डोळ्यांत पाणी. मी 'छान' म्हणालो.

ती थांबली. परत सांगितलं. मी पुन्हा 'छान' म्हणालो. मग तिने विचारलं की तुला आनंद झाला नाही का? झाला म्हणालो. झाला असणार. गेली दोन वर्षं याच क्षणासाठी जीव टाकत होतो. पण आत हात घालून बघावं आणि खिसा रिकामा लागावा, तसं काहीतरी झालं. ती म्हणाली, तू माझ्याकडे नोटीस बोर्डाकडे बघावं तसा बघतोयस.

राग द्यायला गेलो होतो. बाकीचं मी दिलं नव्हतं. की सगळं एकाच मुळावर उगवलेलं असतं आणि एक उपटलं की—

उद्या नीट विचार करू.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

गावाहून आईचा फोन आला होता. बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलता येत नाही. दादा भिंतीला टेकून ढसाढसा रडला. वहिनी त्याची पाठ चोळत होती. मी जेवत होतो. जेवण संपवलं. ताट घासून ठेवलं.

दादाने कानफटात मारली. म्हणाला, अरे बाप आहे तो आपला! लहानपणापासून त्याने मला मारलं की मी त्याला चावायचो. आज गाल नुसता गरम झाला. दादाच घाबरला. हात मागे घेऊन माझ्याकडे बघत राहिला, कुणी परका घरात शिरल्यासारखा. मग दोघं रात्रीच्या गाडीने गावी गेले. मला चल म्हणालेच नाहीत.

मला भीती वाटायला हवी. हे मला कळतंय. भूक लागली आहे हे दुसऱ्याने सांगावं, तसं कळतंय.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

धडधड्याला गाठलं. विचारलं, त्या लिफ्टचा फोन कुठे जोडलाय, कोण बसतं पलीकडे? त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, तू पण जातोस? मग माझं मनगट धरून ओढतच त्या लिफ्टपाशी घेऊन गेला, छपराच्या बाजूच्या फटीतून आत बघ म्हणाला.

फोनच्या डब्यामागून वायर निघते आणि हातभर लांबीवर संपते. टोकाला चिकटपट्टी. म्हणाला की ही मीच तोडली, लिफ्ट बंद झाली तेव्हा, मी स्वतःच्या हाताने. तेव्हाही ताई आत बसून बोलत होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, काही बिघडत नाही.

ताई आधी कशा होत्या ते त्याने सांगितलं. भयंकर काळजी करणाऱ्या. मुलगा शाळेतून यायला जरा उशीर झाला की रडकुंडीला यायच्या. आणि मामा हसायला लागले की वरच्या मजल्यावर ऐकू जायचं. तो स्वतः कधीच आत बसला नाही. मी भितो रे, म्हणाला. भितो म्हणून दोर दोनदा तपासतो, म्हणून तर अजून जिवंत आहे.

एवढ्यात वायरचं ते टोक त्याच्या हातात असताना डबा बोलला. आतून. मला विचारलं, आज सकाळी—

धडधड्या पळाला. पाना तिथेच टाकून.

मी उभा राहून उत्तर दिलं. तोंडातून आपोआप आलं. पुरतं सांगून झाल्यावर लक्षात आलं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

धडधड्याने नोकरी सोडली.

आज परत मागायला गेलो. बटण दाबलं आणि म्हणालो, माझं जे आहे ते दे. खरखर थांबली. मग कुणीतरी शिव्या द्यायला लागलं, मोठमोठ्याने, आणि तो मी होतो. माझा आवाज. मर तिथेच, मर तिथेच. मग तिला हाका मारणारा मी. तिला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मित्राला सांगणारा मी, हसत, जीभ अडखळत. त्याच्यामागे एक बाई रडत होती, माझं बाळ कुठाय, माझं बाळ कुठाय. मामांचं हसणं, गडगडाटी. आणखी कितीतरी, माहीत नसलेले. सगळे आत. सगळे जिवंत. आपापल्या जागी धडका देत—

आणि बाहेर मी. शांत. भिंतीवरची धूळ साचलेली पत्र्याची पाटी वाचत बसलेला. एका वेळी आठ माणसं.

मामांनी दार उघडलं. म्हणाले, झालं का गार? मी म्हणालो, झालं.

२४ ऑक्टोबर

तिला सांगितलं सगळं. आवाज न चढवता, पाढे म्हणावे तसं. आधी तिला चेष्टा वाटली. मग तिने माझा हात हातात घेतला आणि तशीच बसली. घाम तिच्या हाताला, माझा कोरडा. म्हणाली, तू किती तापट होतास, मला लाज वाटायची, आता तो परत दे मला. रडत होती. कुठल्या लिफ्टमध्ये आहे ते विचारलं.

सांगायला नको होतं. तिचा स्वभाव माहीत आहे मला. भीती वाटली की ती मागे सरत नाही, त्या भीतीकडेच चालत जाते. मी उलट. नव्हे, होतो.

२५

दुपारी आली. हट्ट. मी मागते तुझं, माझ्यासमोर देईल. नको म्हणालो, पण कसं म्हणालो — जेवण वाढू का तर नको, तसं. नको म्हणायलाही जोर लागतो. किल्ली माझ्याकडे. दार उघडून दिलं. इथेच उभा राहा म्हणाली, हाक मारली की लगेच उघड. हो म्हणालो. दार लागलं.

तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. फोन वाजला की उचलायचा, कामच आहे ते. म्हणून आलो. दुसऱ्या इमारतीतला म्हातारा, घाबरलेला. बोललो त्याच्याशी, तो सुटेपर्यंत. चांगलं बोललो.

मग माझ्या टेबलावरचा फोन. फळीवर दिवा नाही. उचलला तर ती.

—

ती ओरडतेय. रिसीव्हर टेबलावर ठेवलाय, ऐकू येतंय. आधी माझं नाव. मग म्हणाली, तू आत आहेस रे, इथे माझ्या शेजारी आहेस, रडतोयस, बाहेर कोण आहे मग? मग दार. दार वाजवतेय. फोनमधूनही ऐकू येतं आणि कॉरिडॉरमधूनही.

ताई म्हणाल्या, जाऊ दे, हलकी होईल. मामांनी मान हलवली.

उठायला हवं. किल्ली इथे, वहीशेजारी. भीती वाटली तर पाय उचलतील. म्हणून लिहितोय. पूर्वी लिहिताना राग दुप्पट व्हायचा, तशी भीती येईल असं — लिहिलं तर—

ती आत आहे. तिच्यातलं एकेक जातंय. ती मला आवडते. ती मला आवडते. बघ, अक्षर किती सुरेख येतंय.

आता आईला हाका. आता बाबांना. दार वाजायचं कमी—

म्हणतेय, तू लिहितोयस का? पेनाचा आवाज येतोय मला. ठेव ते. ये. फक्त ये. चार पावलं आहेत.

हो म्हणालो. येतो. एवढं वाक्य झालं की पेन ठेवतो. म्हणजे हे. नाही, हे वाक्य. आवाज बारीक झालाय, मोजून मापून बोलतेय, घाई नाही म्हणतेय, सावकाश ये म्हणतेय, इतक्या गोड आवाजात कधीच बोलली नव्हती, आणि मी उठतोच आहे, हे एवढं लिहून उठतोच आहे, ती आता